शतावरी हाताने खावी

माझा प्रश्न साधा होता. हाताने जेवणं गावंढळ असेल तर ते सगळ्यांसाठी गावंढळ. नसेल तर कुणासाठीच नाही. मधली तिसरी सोय कुठून आली, आणि कुणी करून दिली?

हा प्रश्न मला मस्कतमध्ये ताईच्या घरी पडला, २०१४ च्या हिवाळ्यात. ताई बाळंत झाली होती, आईचा पासपोर्ट वेळेत आला नाही, म्हणून तिच्या जागी मी गेले. मी तेव्हा चिपळूणला घरकामगार बायकांच्या संघटनेत होते. पत्रकं लिहायचे, घोषणा द्यायचे. बाळाला धड धरता येत नव्हतं. ताईचं घर शहराबाहेर अल अमेरातला, खिडकीतून उघडेबोडके डोंगर दिसायचे. भावोजी शहरातल्या एका बड्या हॉटेलात मेजवान्यांच्या विभागात वेटर होते. तिथे कॅप्टनची, म्हणजे वेटरांवरच्या मुकादमाची, जागा रिकामी झाली होती. ती मिळाली तर ताई आणि बाळ तिथेच राहणार. नाही मिळाली तर वेटरच्या पगारावर कुटुंबाचा व्हिसा पुढे वाढणं अवघड, म्हणजे दोघांनी माझ्याबरोबर परत यायचं. घरात याबद्दल कुणी बोलत नसे. पण ताईने पाळणा विकत घेतला नव्हता, शेजारणीकडून मागून आणला होता. त्यावरून काय ते कळायचं.

त्या हॉटेलात एक मेजवानी ठरली. शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडातल्या बड्या घरात जसं जेवण व्हायचं तसं जेवण. टीव्हीवर तेव्हा तसल्या हवेल्यांच्या मालिका जोरात चालत, त्यामुळे जागा भराभर भरल्या. मानाचा पदार्थ होता कोवळ्या हिरव्या काड्यांची एक विलायती भाजी, अ‍ॅस्परॅगस. मॅनेजर गोव्याचा. त्याने सांगितलं की जो हा पदार्थ नीट वाढेल आणि पाहुण्यांना त्याची गोष्ट सांगेल, कॅप्टनच्या जागेसाठी त्याचा विचार होईल. भावोजींनी ती गोष्ट लिहायचं काम माझ्यावर टाकलं. "पुढारीणबाई, तुमचं लिखाण एकदा आमच्याही उपयोगी पडू दे."

मी वाचायला बसले आणि माझं डोकं तापायला लागलं. तिकडे भर थंडीत, बाहेर जमीन गोठलेली असताना, बड्या घरांचे माळी घोड्याच्या लिदीच्या उबेवर ही काडी वाढवायचे. कशासाठी? तर ती अवेळी टेबलावर दिसली की पाहुण्यांना समजावं, या घरात ऋतूसुद्धा नोकरीला आहे. तिच्यासाठी वेगळी ताटली, वाढायला वेगळा चांदीचा चिमटा. आणि एवढा थाट केल्यावर ती खायची कशी? बोटांनी. उचलायची, वितळलेल्या लोण्यात बुडवायची, शेंड्याकडून खायची. काटा-सुरी उचलणाऱ्याला घरची रीत नाही, असं बाकीचे मनात म्हणत.

मी जे लिहिलं ते अर्थातच पत्रक झालं. शब्दकोशात अ‍ॅस्परॅगसला शतावरी म्हटलंय, म्हणून वर ठळक अक्षरात लिहिलं: 'शतावरी: साहेबाच्या ताटातला माज'.

भावोजींनी ते आपल्याबरोबरच्या वेटरना वाचून दाखवलं. बहुतेक सगळे रत्नागिरी-रायगडकडचे. मथळा ऐकताच दापोलीकडचा एक जण गंभीरपणे म्हणाला, "साहेब बाळंत झालाय काय?" त्यानंतर कुणीच काही ऐकलं नाही. एकाच्या हातून चिमटा पडला. आमच्याकडे शतावरी म्हणजे मुळीची पूड, बाळंतिणीला दूध यावं म्हणून दुधातून देतात ती. साहेबलोक चांदीच्या चिमट्याने बाळंतिणीचं औषध वाढून घेतायत, हे चित्र त्या पोरांच्या डोळ्यांपुढून हलेना. घरी येऊन सांगताना भावोजीही हसले, मग एकदम थांबले. मेजवानीच्या दिवशी टेबलाजवळ कुणी असं फिसकन हसलं तर सगळं खलास, म्हणाले.

तिकडे आईने फोनवर वेगळंच काढलं. ताईसाठी ती शतावरीची पूड पाठवणार होती. आता म्हणाली की तुमच्या हॉटेलात ताजी विमानाने येते म्हणे, मग मी कशाला पाठवू? अख्ख्या आळीत तिने सांगून टाकलं होतं की मस्कतला बाळंतिणींची फार बडदास्त ठेवतात. ती वेगळी, ही वेगळी, हे मी तिला समजावायला गेले आणि मलाच नीट सांगता येईना. कूळ एकच, मूळ वेगळं, असं काहीतरी बोलले. ही पेरूहून येते, असंही सांगितलं. आई म्हणाली, पेरूची मुळी कुणी ऐकली नाही कधी.

मेजवानीच्या आधी शेफने सरावासाठी चार काड्या दिल्या. ताईला खुर्चीत बसवून मडम केलं. बाळ माझ्या खांद्यावर. भावोजी पांढरं फडकं हातावर टाकून झुकले आणि इंग्रजीत म्हणाले की मॅडम, हे परंपरेने बोटांनी खातात. ताईने एक काडी उचलली, चावली. शेवग्याच्या कोवळ्या शेंगेसारखी लागते, म्हणाली. मग तिने विचारलं, "हाताने खा, हे सांगायला तुम्हाला ट्रेनिंग लागतं?"

तेव्हा भावोजींनी सहज सांगून टाकलं. हॉटेलात नोकरांच्या जेवणघराच्या दारावर पाटी आहे. आत हाताने जेवायचं नाही. डाळभातसुद्धा चमच्याने. वेटरच्या अंगात टेबलाची रीत मुरली पाहिजे म्हणून.

मी भडकले. बाळ दचकून रडायला लागलं, तरी मी थांबले नाही. भावोजी, तीच गोष्ट सांगा त्या पाहुण्यांना, म्हटलं. सांगा की तुम्ही बोटं बुडवता तेव्हा ती परंपरा आणि आम्ही बुडवतो तेव्हा दारावर पाटी.

भावोजी फडक्याची घडी घालत राहिले. बोलली ताई.

"तू सांग. तुझं परतीचं तिकीट काढलेलं आहे."

तिने बाळ माझ्याकडून घेतलं. पत्रकात असल्या वाक्याला उत्तर नसतं.

मेजवानीहून भावोजी आले ते बूट न काढता सरळ पाळण्याकडे. काय झालं ते हळूहळू कळलं. पदार्थ वाढला, कुणी हसलं नाही. भावोजींनी गोष्ट सांगितली, माळी, लीद, चिमटा, सगळं. माज तेवढा गाळला. पण हाताने खायचं म्हटल्यावर टेबलावरचे गोरे एकमेकांकडे बघत बसले. त्यांच्या पणजोबांची रीत त्यांनाच ठाऊक नव्हती, आणि बोटं बरबटायची लाज वाटत होती. शेवटी एक म्हातारी म्हणाली, तूच दाखव. भावोजींनी मॅनेजरकडे पाहिलं. त्याने मान हलवली. मग भावोजींनी तिथेच उभं राहून अंगठा आणि दोन बोटांनी काडी उचलली, लोण्यात बुडवली, खाल्ली. एक थेंब खाली पडू दिला नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. जागा त्यांना मिळाली.

ताई रडली. मीही रडले असेन, पण कशासाठी ते मला सांगता येणार नाही. माझ्या भावोजींना सगळ्यांसमोर खाऊन दाखवायला लावलं, म्हणून चिडायचं? की साहेबाला साहेबाची रीत आमच्या माणसाने जन्मभराच्या सवयीच्या बोटांनी शिकवली, म्हणून मान वर करायची? मी दोन्ही करून पाहिलं. दोन्ही अर्धंच जमलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. ताईने वरणभात वाढला. भावोजींनी उठून चमचा आणला.

"अहो, घरात तरी," ताई म्हणाली.

ते म्हणाले, "सवय राहू दे. त्या पाटीकडे आता मलाच बघायचं आहे."

कॅप्टन म्हणजे तेही आलंच, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. उद्यापासून दापोलीच्या त्या पोराने भातात हात घातला तर हटकणारे हेच. काढून टाकाल ना ती पाटी, असं विचारायला मी तोंड उघडलं. तेवढ्यात खालून हाक आली. भावोजींनी सकाळीच मागवलेला नवा पाळणा आला होता, सुटा, खोक्यात. भावोजींनी चमचा ठेवला आणि आम्ही दोघांनी तो वर आणला. मी दांड्या धरून ठेवल्या, त्यांनी स्क्रू आवळले. ताई दारात बाळाला घेऊन उभी होती, आणि मी काही विचारतेय का, ते बघत होती.

मी विचारलं नाही.