देशमाने सरांचा संशय

"काय खाल्लं?" हा प्रश्न देशमाने सर दोनदा विचारायचे. एकदा बाळंतिणीला, एकदा तिच्या सोबतच्या बाईला, आणि तेही दोघींना वेगवेगळं उभं करून. धाराशिवच्या एका रुग्णालयात ते भूल देणारे डॉक्टर आणि मी ऑपरेशन थिएटरची सिस्टर. गेल्या वर्षी ते निवृत्त झाले, तोवर अकरा वर्षं एकत्र काढली. औषधाच्या बाटलीवरचं नाव मी वाचलं तरी ते पुन्हा वाचायचे.

"माझ्यावर विश्वास नाही का, सर?"

"माझाच माझ्यावर न्हाय, सिस्टर. तुमचं काय घेऊन बसलात!"

तेर, येरमाळा, ईट, कुठूनही बाई येवो, ती उपाशीच असायची. "पाण्याचा थेंब न्हाय दिला, डाक्टर," सासू शपथेवर सांगायची. सर मला हळूच म्हणायचे, "बोलायच्या आधी सून सासूकडं बघती. जेवलीय." बहुतेकदा खरं निघायचं.

माझी लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. कळा सुरू झाल्यावर मी तिला दूध-दशमी खाऊ घातली. अंगात ताकद हवी म्हणून. ज्यासाठी इतर बायांना झापते, तेच केलं. दोन तासांनी बाळाचे ठोके उतरले आणि सिझर ठरलं. दुसरी सिस्टर नव्हती, आत मीच होते.

"काय खाल्लं?" सरांनी मला विचारलं.

"काही नाही." लाज, दुसरं काय!

तेवढ्यात लेक रडायला लागली. "काका, पाठीत सुई नको. मला पूर्ण झोपवा."

भरल्या पोटी पूर्ण भूल दिली तर उलटी फुफ्फुसात जाऊ शकते, हे मला पाठ होतं. तरी तोंड उघडेना.

"हे बघ," सर म्हणाले, "पाठीत बारीक नळी ठिवून औषध देता येतं, पण ते चढायला वेळ लागतो. बाळाकडं तेवढा वेळ न्हाय. झोपवलं तर तुझ्या घशाची राखण मला करावी लागंल. एकाच सुईत कमरेखालचं बधिर करतो. तू जागी राहा."

"अन् जन्मभर कंबर दुखली तर?"

"सुईची जागा चार दिवस दुखंल. जन्मभर दुखायला सासू हाय की!"

सुई दिल्यावर तिचा रक्तदाब उतरला, तिला मळमळलं. सरांनी तिचं डोकं एका बाजूला वळवलं. "सिस्टर, ट्रे." दशमीचे तुकडे माझ्याच हातातल्या ट्रेमध्ये पडले. जागी होती, म्हणून खोकली, थुंकली आणि निभावलं. सरांनी ट्रेकडं पाहिलं, मग माझ्याकडं. थोड्या वेळानं नातू रडला.

संध्याकाळी केसपेपर लावताना त्यांचं अक्षर दिसलं. नोंद सुई देण्याआधीची होती: "आई म्हणते, उपाशी. पोट भरलेलं समजावं."