ऑगस्टमधले बर्फाचे सूट

आखातातल्या हमरिया फ्री झोनमधल्या एका शेडमध्ये मी अठरा वर्षं जहाजांचं जीव वाचवायचं सामान तपासतो आहे. मागच्या ऑगस्टमध्ये उत्तरेच्या बर्फात जाणाऱ्या एका मालवाहू जहाजाचे चोवीस इमर्शन सूट आले. हा सूट म्हणजे डोक्यापासून पायापर्यंतचा जाड रबरी अवतार. बर्फाळ पाण्यात पडलेला माणूस त्याच्या जोरावर मदत येईपर्यंत तग धरतो. त्या समुद्रासाठी नियमांची जाडजूड फाइल असते. तेलाचा थेंब सांडायचा नाही, कचरा टाकायचा नाही, माणूस तर नाहीच नाही.

प्रत्येक सूट अंगात घालून चेन हनुवटीपर्यंत ओढून बघायची, हा आमच्या शेडचा नियम. पण वर पत्रा, बाहेर सत्तेचाळीस डिग्री. त्या सूटमध्ये माणूस बुडायच्या आधी शिजतो. म्हणून उन्हाळ्यापुरती आम्ही एक रीत पाडली होती: चार घालायचे, उरलेल्यांकडे प्रेमाने बघायचं आणि सगळ्यांपुढे टिक मारायची. मी वीस सूटांकडे अत्यंत प्रेमाने बघितलं.

सूट न्यायला जहाजाचा सेकंड ऑफिसर आला. तिशीतला, रत्नागिरीकडचा.

"काका, सगळे घालून बघितलेत ना?"

"हो, इन्शाल्ला."

"इन्शाल्ला पुढच्या कामाला म्हणतात हो, झालेल्या कामाला नाही!"

मीही हसलो. घाम आधीपासूनच येत होता, त्यामुळे चोरी कळली नाही.

सूट गाडीत चढत असताना तो म्हणाला, "मला थंडी अजिबात सोसत नाही. इथे देऱ्यातल्या मॉलमध्ये गेलो तरी स्वेटर लागतो." ते ऐकलं आणि मी गाडी थांबवली.

"क्या हुआ?" शेडचा मालक केबिनमधून ओरडला. "स्टँप लग गया, खलास! यल्ला, जाने दो."

"सर, बीस सूट मैंने पहने ही नहीं।"

ऑफिसरचं हसू गेलं. मी तिथेच एक सूट चढवला. चेन छातीवर अडकली ती वरही जाईना, खालीही येईना.

"काका, श्वास सोडा."

"असता तर सोडला असता!"

शेवटी त्याने आणि ड्रायव्हरने मला केळ्यासारखं सोललं. मग अर्धे सूट त्याने घातले, अर्धे मी. मिठाने जाम झालेल्या पाच चेन निघाल्या.

"हे तिकडे पाण्यात कळलं असतं," तो एवढंच म्हणाला. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

पाच नवे सूट घेऊन जहाज एक दिवस उशिरा सुटलं. उशिराचं कारण मी खरं लिहिलं. मालकाने कागद फाडला आणि दुसरा लिहून घेतला: 'जादा गुणवत्ता तपासणी'. मी निमूट सही केली.

महिन्याभराने ऑफिसरचा फोटो आला. मागे बर्फ, पुढे नारिंगी सूटांची रांग, चेन सगळ्यांच्या हनुवटीपर्यंत. सोबत जहाजाच्या कंपनीचं आभारपत्र, माझ्या काटेकोरपणाबद्दल. बायकोने ते फ्रेम करून अल कुसैसच्या घरात सोफ्याच्या वर लावलंय. पाहुणे वाचतात. मी तेव्हा चहा बघायला आत जातो.