बुधवारी येणारे दाजी

माझ्या आईला रहस्यकथांचं व्यसन होतं आणि त्याचा सगळ्यात जास्त ताप मला होता. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक खाजगी वाचनालय होतं. तिथून पुस्तक आणायचं मी आणि आधी वाचायचं तिनं. दुपारची भांडी आवरून ती उंबऱ्याशी बसली की नळाला पाणी यायच्या आत पुस्तक संपलेलं असायचं. बरं, वाचून गप्प बसेल तर ती आई कसली. मी पहिलं पान उलटतेय तोवर ही भाकरी थापता थापता सांगून मोकळी, की चुलत्यानं मारलंय बघ, बाहेरचा कुणी नसतोच, घरातलाच असतो. मग मी ते पुस्तक घेऊन काय चाटायचं?

एका पंचमीला माझी मोठी बहीण माहेरपणाला आली. ताईला बार्शीला दिलेली. कापडाचं दुकान, स्वतःचं घर, अंगणात नळ. असं स्थळ मिळालं म्हणून आप्पा, म्हणजे आमचे वडील, कचेरीत मान ताठ करून वावरायचे. ताईच्या दंडावर भाजल्याचा डाग होता. स्टोव्हचा भडका उडाला, म्हणाली. मागच्या दिवाळीलाही भडकाच उडाला होता. मला वाटलं, कागदावरच्या माणसांवर उठसूट संशय घेणारी आमची आई आता तरी चार प्रश्न विचारील. तिनं एकही विचारला नाही. लेकीला न्हाऊ घातलं, केस पुसून दिले, आणि दुसऱ्या दिवशी चांगला चालता स्टोव्ह माळ्यावर टाकून कोळशाची शेगडी खाली काढली. कारण विचारलं तर म्हणे, शेगडीवरच्या आमटीला चव असते.

चव तिला आणि धूर मला. कॉलेजला जायच्या आधी शेगडी पेटवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. डोळे चोळत वर्गात जायचं आणि मैत्रिणींना सांगायचं, रडले नाही गं.

दाजी, म्हणजे ताईचे यजमान, तिला न्यायला आले ते बुधवारी. दुकान बुधवारी बंद असायचं. आईनं पोहे केले, शेंगाचटणी बांधून दिली आणि सांगितलं, आज लेक पाठवत नाहीत. जाशील बुधी तर येशील कधी. म्हण सगळ्यांनाच ठाऊक, दाजी हसून परत गेले. पुढच्या आठवड्यात पुन्हा बुधवारीच हजर. पुन्हा पोहे, पुन्हा चटणी, पुन्हा तीच म्हण. या माणसाला दुसरा वार सुचेना आणि आईला दुसरी म्हण. चिडून मी ताईला विचारायची, तुला जायचंय का नाही ते तरी बोल. ती भाजी निवडत म्हणायची, आई म्हणेल तसं. असा संताप यायचा.

शेवटी आप्पा भडकले. लग्न झालेली लेक किती दिवस ठेवायची, गल्लीत लोक विचारायला लागले, गुरुवारी सकाळच्या गाडीनं मीच पोचवून येतो, म्हणाले. आई बरं म्हणाली. गुरुवारी तिनं माळ्यावरचा स्टोव्ह काढला, रॉकेल भरलं आणि आप्पांच्या चहासाठी पंप मारला. स्टोव्ह भरभरायला लागला तशी, पिशवी भरून तयार बसलेली ताई उठली आणि अनवाणी अंगणात जाऊन भिंतीला चिकटून उभी राहिली. तिच्यासमोर तो मुद्दाम पेटवला याचा मला आईचा भयंकर राग आला. आजही येतो.

आईनं स्टोव्ह बंद केला. "न्हाऊ घालताना तिची पाठ बघितली मी," ती आप्पांना म्हणाली. "तिथंपण डाग आहेत. स्टोव्ह पेटवणाऱ्या बाईची पाठ कशी भाजते, ते सांगा की मला."

आप्पा अंगणात गेले आणि त्यांनी पहिल्यांदा ताईला विचारलं. सासू स्टोव्हवर उलथणं तापवून चटके द्यायची. दाजी शेजारच्या खोलीत रेडिओ मोठा करायचे. ताईनं एवढंच सांगितलं आणि आप्पा तिच्या शेजारी खाली बसले.

म्हणजे आईला पंचमीपासून माहीत होतं! दुसऱ्याच्या पुस्तकातला खुनी चहा उकळायच्या आत सांगणारी ही बाई, आणि स्वतःच्या घरातलं एवढं पोटात ठेवून दर बुधवारी पोहे करत बसली. मला सांगितलं असतं तर मी त्या पोह्यांत काय घातलं असतं देव जाणे. तिला विचारलं तर म्हणाली, आधी सांगितलं असतं तर तुझ्या आप्पांनी ऐकलं असतं का? तिचं खरं होतं, त्याचीही चीड आली.

पुढच्या बुधवारी दाजी आले. या खेपेला त्यांनी शहाणपणा केला होता; उद्याचं दुकान नोकरावर सोडलंय, रात्रभर राहतो आणि उद्या घेऊन जातो, म्हणाले. दार आप्पांनी उघडलं होतं, पण ते बाजूला झाले नाहीत.

"आज बुधवार आहे, जावईबापू," आप्पा म्हणाले. "आणि आमच्याकडे उद्याही बुधवारच आहे."

स्टोव्ह पुन्हा माळ्यावर गेला तो कायमचा. ताई घरात होती तोवर शेगडी रोज मीच पेटवली, आणि कुरकुर केल्याशिवाय एकदाही पेटवली नाही.