डावीकडे मार, सूनबाई

माझ्या चुलत सासऱ्यांइतका हरायला उतावीळ झालेला माणूस मी उभ्या जन्मात पाहिलेला नाही, आणि हरण्याच्या बाबतीत इतका नालायक माणूसही. नोकरी संपवून मुंबईहून रत्नागिरीला परतल्यापासून ते चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या मंडळींना आपल्या घरामागच्या खळ्यात टेनिस शिकवतात. शिकवणी सकाळी, ऊन चढायच्या आत. पहिल्या दिवशी प्रत्येक शिष्याला घरात नेऊन देवघराच्या दाराशी खिळ्याला टांगलेली एक जुनी लाकडी रॅकेट दाखवायची आणि सांगायचं, "मुंबईत आमच्या कचेरीच्या सगळ्या स्पर्धा मी हिच्यावर खेळलो. मला जो खरोखर हरवील, त्याची ही." शिष्य बिचारा जीभ चावून म्हणतो, "छे छे काका, आम्ही कुठले तुम्हाला हरवणार!" की काकांचा पारा चढलाच. "मग आलास कशाला? मला ओवाळायला?"

आता हे खळं. काका त्याला कोर्ट म्हणतात आणि काकू खळंच म्हणतात, आणि या एका शब्दावरून त्या घरात जेवढं भांडण झालंय तेवढं इस्टेटीवरूनही झालं नसेल. पूर्वी तिथे भात झोडपायचे. काकांनी ते चारी बाजूंनी वाढवलं, चिरेखाणीवरून जांभ्याचा भुगा आणून पसरला आणि चुन्याच्या रेघा मारल्या. "परदेशात लाल मातीचं कोर्ट म्हणजे केवढी प्रतिष्ठा! आपल्याकडे लाल मातीशिवाय दुसरं आहे काय?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. काका उभे राहतात त्या टोकाला, त्यांच्या डाव्या कोपऱ्यात, अगदी बेसलाइनला खेटून, हापूसचं कलम उभं आहे. ते तोडा म्हणणाऱ्याला काकू तोडतील, म्हणून काकांनी टेनिसच वाकवलं. बॉल पानाला लागला तर पॉइंट पुन्हा, आंब्याला लागला तर पॉइंट गेला, आणि आंबा खाली पडला तर मारणाऱ्याने स्वतः काकूंना जाऊन सांगायचं. नेट आहे मिरकरवाड्याहून आणलेल्या जुन्या मासेमारीच्या जाळ्याचं. कितीदा धुतलं, कितीदा उन्हात घातलं, पण हवा दमट झाली की ते सुरमईची आठवण काढतंच. आळीतली मांजरं आमचा खेळ मोठ्या आस्थेने बघायला बसतात, ती काही टेनिसच्या प्रेमाने नव्हे.

आणि एप्रिल उजाडला, रातांबे पिकले, की एका बाजूची पट्टी काकूंची. तिथे आमसुलं वाळत पडायची. हा तह दोघांनी भांडून भांडून केलेला. बॉल आमसुलांत गेला तर काकू माजघराच्या खिडकीतूनच ओरडायच्या, "अहो, तुमचा तो चेंडू आंबट झाला हो!"

मी तिथे गेले ती खांद्यामुळे. बँकेत दिवसभर मान मोडून काम करायचं, त्यात खांदा असा धरला की वेणी घालता येईना. डॉक्टर म्हणाले, हात हलता ठेवा. काकांच्या कानावर गेलं मात्र, दुसऱ्या दिवशी निरोप, "सूनबाईला पाठवा." मी केसांना रबर लावून, नवे बूट घालून, मोठ्या ऐटीत गेले, तर काकांनी माझ्या हातात चोपणं दिलं. जमीन चोपायचं, लाकडी, आपल्या आजेसासूबाईंच्या काळातलं. पावसाळाभर झावळ्यांखाली झाकलेलं खळं दिवाळीनंतर उघडायचं आणि शिष्यांनीच ते पाणी शिंपडून चोपून काढायचं, हा काकांचा पहिला धडा. माझ्या एका बाजूला दातांचे डॉक्टर उकिडवे बसलेले, दुसऱ्या बाजूला आंब्याचे एक बडे बागायतदार, ज्यांच्या हाताखाली हंगामात पंचवीस माणसं राबतात. तिघंही घामाघूम होऊन जमीन बडवतोय आणि काका मागे हात बांधून फिरतायत. "मनगट सैल सोडा डॉक्टर, दाढ उपटायची नाहीये." आठवडाभराने रॅकेट हाती आली तेव्हा माझ्या लक्षात आलं की फोरहँड मला येतोच आहे. बॅकहँडला ते म्हणाले, "खळं झाडतेस ना? तोच हात, फक्त केरसुणी जरा महाग." महिन्याभरात माझी वेणी मलाच घालता यायला लागली. त्या माणसाचे उपकार मी मरेपर्यंत विसरणार नाही.

पण खेळ शिकवणं सोपं हो, आमच्यातला भिडस्तपणा कोण काढणार? मुळात चुलत सासऱ्यांसमोर "फॉर्टी लव्ह" असं ओरडायचं कुणी? पहिल्यांदा मी ओरडले तेव्हा काकू पदर सावरत बाहेर आल्या. "काय गो, हे काय भलतंच?" तेव्हापासून आमच्याकडे लव्हच्या जागी पूज्य. पंधरा पूज्य, तीस पूज्य. डॉक्टर तर हे इतक्या भक्तिभावाने म्हणतात की ऐकणाऱ्याला वाटावं आत सत्यनारायण चाललाय. आणि बागायतदार! हा माणूस देहाने दांडगा, फटका असा की बॉल कळवळावा. एकदा त्यांचा बॉल काकांच्या छातीवर बसला. झालं! रॅकेट टाकून, नेटला वळसा घालून, ते धावत गेले आणि लाल मातीत काकांच्या पायावर डोकं ठेवलं. "काका, चुकलं माझं!" "अरे गाढवा, पॉइंट तुझा आहे!" काका ओरडतायत, आणि हे उठायला तयार नाहीत. वडीलधाऱ्यांच्या अंगावर मारायचं नाही, ही आमची शिकवण लहानपणापासूनची, आणि टेनिस म्हणजे पुष्कळसं तेच. म्हणून काका सत्तरी उलटली तरी जिंकत राहिले आणि रॅकेट खिळ्यावर राहिली. संपल्यावर ते हात पुढे करायचे आणि आम्ही सवयीने वाकायचो. "हात मिळवा रे कुणीतरी!" ते वैतागून म्हणायचे.

यंदाच्या हंगामात मात्र काहीतरी बिनसलं. काका पक्के प्रामाणिक, स्वतःचा बॉल रेघेबाहेर गेला तर तोंड भरून सांगणारे. ते आता वीतभर आत पडलेल्या बॉलला छातीठोकपणे "आउट" म्हणायला लागले. शिवाय डावीकडून बॉल गेला की ते ढिम्म. वळणं नाही, धावणं नाही. बॉल मागे कलमाच्या बुंध्यावर आपटला की दचकून बघायचे. आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो. मग न ठरवताच दुसऱ्या दिवसापासून आमचे सगळे बॉल काकांच्या उजवीकडे, तेही प्रसाद दिल्यासारखे हळूच. काका जिंकायचे आणि खूष. "या वर्षी माझा खेळ सुधारलाय हो," एकदा सरबत पिताना म्हणाले. आम्ही माना डोलावल्या आणि काकूंनी उगाचच भांडी आपटली.

किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण एके सकाळी बागायतदारांचा हात चुकला, आणि अंगात होता नव्हता तेवढा जोर घेऊन बॉल सुसाट काकांच्या डावीकडून गेला. असला देखणा फटका त्या खळ्यात कुणी मारला नसेल. आणि तो मारून हा भला माणूस काय म्हणाला असेल? "अरेरे! सॉरी काका, डावीकडे गेला!"

जगात कुठल्याही खेळाडूने असल्या फटक्याबद्दल माफी मागितली नसेल.  काकांनी आमच्या तिघांच्या तोंडाकडे एकेक करून पाहिलं आणि त्यांना सगळं कळलं. रॅकेट काखेत मारून ते आत निघून गेले. बागायतदार तिथेच मटकन बसले आणि मांजरंसुद्धा उठून गेली.

दुसऱ्या दिवशी गेले तर अख्ख्या खळ्यात, या रेघेपासून त्या रेघेपर्यंत, आमसुलं पसरलेली. नेट गुंडाळून ठेवलेलं. काकू पडवीत रातांबे फोडत बसल्या होत्या. "घे," त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं सगळं खळं मागत होते, काल ह्यांनी न मागता दिलं. आणि आता ही सोलं उलटायला जायचंसुद्धा जिवावर येतं बघ." मग त्यांनीच सांगितलं. काकांचे डोळे कोल्हापूरला तपासले होते. काचबिंदू. डावा डोळा जवळजवळ गेलेला. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून आहे तेवढं टिकवायचं. "कुणाला बोलायचं नाही म्हणून शपथ घातली होती मला. म्हणायचे, कळलं तर पोरं खेळायची नाहीत माझ्याशी, नुसती सांभाळतील. आणि तुम्ही नेमकं तेच केलंत गो."

खरं सांगते, मला रागच आला. त्यांचा, आमचा, त्या मेल्या काचबिंदूचा. मी तशीच आत गेले. काका खाटेवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. तब्येतीची विचारपूस करायला जीभ वळवळत होती, ती आवरली. म्हटलं, "काका, खिळ्यावरची रॅकेट मला हवी."

ते वळले. "घेऊन जा. मला काय करायचीय?"

"अशी नको. जिंकून हवी. तुम्ही अजून हरला नाहीत."

त्यांनी खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाले, "डावीकडे मारशील?"

"मारीन."

"नक्की?"

"त्या कलमाची शपथ."

"सूनबाई," काका उठले आणि बूट शोधायला लागले, "ती आमसुलं आधी गोळा करा."

काकूंनी, मी, निरोप धाडून बोलावलेल्या डॉक्टरांनी आणि रडवेल्या बागायतदारांनी मिळून आमसुलं सुपांत भरली. त्या काकूंना उभ्या आयुष्यात आपली आमसुलं उचलताना इतकं हसू कधी आलं नसेल. एक सेट खेळायचा ठरला. पहिल्याच गेमला माझा हात कचरला आणि बॉल आपसूक उजवीकडे, हळू गेला. काकांनी तो खेळलाच नाही, जाऊ दिला. नेटजवळ आले. "सूनबाई, मी आंधळा होईन तेव्हा होईन. आत्ता तुझ्यासमोर खेळायला उभा आहे. डावीकडे मार!"

मारला. दात-ओठ खाऊन मारला. एक, दुसरा, तिसरा. बॉल बुंध्यावर थाडथाड आपटत होते, बागायतदारांनी डोळे मिटून घेतले होते आणि मी तीन गेम पुढे गेले. मला वाटलं, संपलं. पण म्हातारा तो म्हातारा! काकांनी काय करावं? जाऊन उभेच राहिले डाव्या कोपऱ्यात, कलमाला पाठ लावून. आता डावीकडे उरलं काय? झाड! सगळं खळं त्यांच्या उजव्या हाताला, चांगल्या डोळ्यासमोर. तिथून असे काही बारीक, तिरके, लबाड फटके त्यांनी मारले की मी त्या टोकापासून या टोकापर्यंत पळून पळून अर्धमेली झाले. "काय गो, खांदा कसा आहे?" मधेच विचारतात! पाच-पाच झालं. डॉक्टर पूज्यबिज्य सगळं विसरून "लव्ह! लव्ह!" ओरडत होते आणि काकूंना त्याचं काही वाटत नव्हतं. काका लहान मुलासारखे खिदळत होते. कित्येक महिन्यांत ते असे हसलेले मी पाहिले नव्हते.

मग मी सहा-पाचने पुढे गेले, आणि शेवटच्या पॉइंटला बॉल लांब त्यांच्या उजवीकडे टाकला. काका धावले, पोचले, परतवलासुद्धा. आता ते उजव्या टोकाला आणि डावी बाजू सगळी मोकळी. मी शपथ आठवली आणि जीव खाऊन मारला. काकांनी मानसुद्धा वळवली नाही. जागच्या जागी उभे राहिले, कान देऊन.

"आत पडला ना?" त्यांनी मला विचारलं.

"आत, काका. वीतभर आत."

"मग हरलो," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की हरलं कोण तेच कळेना. मी नेटजवळ गेले, डोळे भरून आले होते, सवयीने वाकायला लागले, तर त्यांनी माझा दंड धरला. "पाया नाही पडायचं. हात मिळव." आमच्या घराण्यात सुनेने सासऱ्याच्या हातात हात दिल्याचं कधी कुणी ऐकलेलं नाही. मी दिला. त्यांचा हात लाल मातीने भरलेला, आणि पकड कसली पक्की! काकूंनी आतून रॅकेट आणली आणि कुंकवाचं बोट लावून माझ्या हातात दिली.

आता काका डाव्या कोपऱ्यातूनच खेळतात आणि आम्ही कुणी सांभाळत नाही. सॉरी म्हणणाऱ्याला काकूंच्या हाताखाली रातांबे फोडायची शिक्षा आहे. बागायतदार अजूनही रोज फोडतात. दुसऱ्या डोळ्याचं काय, तो किती साथ देईल, हे कुणी विचारत नाही. थेंब मात्र वेळेवर जातात, ते काकू बघतात. परवा मी ती लाकडी रॅकेट घेऊनच खेळायला गेले. एक बॉल झकास बसला आणि काकांच्या डाव्या अंगाने निघाला. त्यांना तो दिसला नाही, मला ठाऊक आहे. पण तो जमिनीला टेकायच्या आधीच, नुसता रॅकेटचा आवाज ऐकून, ते म्हणाले, "छान गेला, सूनबाई." आणि तो खरंच छान गेला होता.