रॅकपुढचा नारळ

शब्द अविनाशी आहे, असं आमचे संचालक प्रत्येक समारंभात सांगत. मी त्यांच्या रेडिओ केंद्रात निवेदक होतो, त्यामुळे तो नष्ट होताना अनेकदा ऐकला आहे. बहुधा ऐन कार्यक्रमात, आणि वायर ढिली असल्यामुळे.

बाहेरच्या कार्यक्रमांचा आवाज आमच्या परळच्या स्टुडिओत नेटवर्कवरून आणायचा, हा इंजिनिअर बाईंचा आग्रह. संचालकांनी भर मीटिंगमध्ये परवानगी दिली, ती अट घालूनच. "एकदा जरी आवाज गेला मॅडम, तर तुमचं नेटवर्क बंद आणि तुम्ही परत स्टोअरमध्ये." मोडक्या खुर्च्यांच्या त्या स्टोअरमध्ये बाईंनी चार वर्षं काढली होती.

त्यांनी आवाजाला दोन वाटा दिल्या. कपाटाएवढ्या रॅकमध्ये खाली मुख्य पेटी, वर राखीव. एक गप्प झाली की दुसरी त्याच क्षणी बोलणार. एवढं बरेच जण करतात. बाई मात्र प्रत्येक थेट कार्यक्रमाआधी मुख्य पेटीची केबल स्वतःच्या हाताने उपटत आणि दुसरी बोलते का, ते ऐकत.

"चालतंय ते कशाला उपटता?" मी एकदा विचारलं.

"चालतंय तेव्हाच उपटून बघता येतं. बंद पडल्यावर काय उपटणार?"

खंडेनवमीच्या संध्याकाळी शिपाईकाका झेंडूचा हार घेऊन रॅकपाशी आले. काका लालबागचे, मूळ मालवणकडचे. "ताई, ह्यां तुमचां हत्यार. हार होयोच."

"घाला काका. आमच्या नायगावच्या घरी पूजा नसते, पण तुमची मोडत नाही. फक्त पंख्यापुढे फूल नको."

काकांनी पंखा सोडून हार घातला. बाई घरी गेल्यावर हौसेने दिव्यांची माळही लावली.

दसऱ्याला सकाळी दहा वाजता गिरगावातल्या सभागृहातून एका वयोवृद्ध गायिकेचं गाणं थेट जाणार होतं. दहाला वीस मिनिटं असताना बाईंनी केबल उपटली. तिकडे तानपुरे जुळत होते, इकडे स्पीकर ठार गप्प. माळेसाठी काकांनी 'कामाचा दिसत नाही' म्हणून एक प्लग काढला होता. तो राखीव पेटीचा. तिचा विझलेला दिवा हारामागे झाकला गेला होता.

काकांचा चेहरा पडला. बाईंनी माळ काढली, प्लग लावला, पुन्हा केबल उपटली. तानपुरे ऐकू आले. केबल जागेवर लावत त्या एवढंच म्हणाल्या, "काका, माळ दारावर छान दिसेल."

दहाला मी निवेदन केलं आणि रॅकच्या खोलीत येऊन उभा राहिलो. गाणं सुरू होऊन जेमतेम दोन-तीन मिनिटं झाली असतील, तोच रेशमी कुर्त्यातले संचालक नारळ आणि फोटोग्राफर घेऊन आत आले.

"साहेब, इथे नको, बाहेर—"

"अहो मॅडम, शस्त्रपूजन आहे!" आणि त्यांनी नारळ रॅकच्या लोखंडी पायावरच आपटला. पहिल्यांदा फुटला नाही. दुसऱ्यांदा, फोटोसाठी जरा जोरात, फुटला. पाणी खालच्या पेटीच्या जाळीतून आत गेलं आणि तिचा हिरवा दिवा विझला.

स्पीकरवर गायिकेने लावलेला सूर जसा होता तसाच राहिला.

बाईंनी वरच्या पेटीकडे पाहिलं, खालच्या पेटीचा प्लग काढला आणि फडक्याने पाणी टिपलं. मग स्टूल ओढून रॅकसमोर बसल्या. आता एकच वाट उरली होती. गाणं संपेपर्यंत दीड तास त्या तिथून उठल्या नाहीत. मी आयुष्यात पुष्कळ समाध्या पाहिल्या, खरी वाटली ती ही एक.

"बघितलंत?" कार्यक्रम संपल्यावर खोबरं वाटत संचालक म्हणाले. "श्रद्धा असली की सगळं निर्विघ्न पार पडतं." बाईंनी तुकडा घेतला, खाल्ला, हात पुसले आणि रोजची नोंदवही संचालकांपुढे सहीसाठी ठेवली. त्यांनी नेहमीसारखी न वाचता सही केली.

बाई स्टोअरमध्ये गेल्या नाहीत. वही अजून केंद्रात आहे. त्या दिवसाची नोंद एका ओळीची: '१०.०४, मुख्य पेटी बंद. प्रक्षेपणात खंड नाही. कारण: नारळपाणी.'