कोनाड्याकडे जाणारा हात

पुस्तक चांगलं की सिनेमा, या वादाचा मला भयंकर कंटाळा. तो माझ्यापुरता मिटवला शहापूर-मुरबाड एसटीत शेजारी बसलेल्या एका बाईंनी. नाव विचारायचं राहूनच गेलं.

मी मोबाईलवर पहिल्या ख्रिस्ती लोकांवरचा, रोममधला सिनेमा बघत होतो. साठी उलटलेल्या त्या बाईंनी पदराने चष्मा पुसला आणि सरळ माझ्या मोबाईलमध्ये डोकावल्या.

"भारी काढलाय. पन पुस्तक वाचलंय का तुमी?"

"नाही."

"मग अर्धाच बघताय."

सिनेमातले घोडे त्यांना मनापासून आवडले होते. सांगताना बोटांनी पुढच्या दांड्यावर टापा वाजवल्या. मग बोटं थांबली. "ती बाई धर्म घेते ना, तिथं नुसतं गाणं लावलंय. पुस्तकात ती घरातले देव काढते, तरी संध्याकाळी तिचा हात रिकाम्या कोनाड्याकडं जातो. सिनेमात देव जातात. पुस्तकात हात ऱ्हातो."

मी मोबाईल बंद केला.

"आमच्या आयनं बौद्ध धर्म घेतला, देव नदीत सोडले. परत नाव घेतलं नाय. पन दिवाबत्तीच्या टायमाला हात जायचाच. त्या लिहिणाऱ्याला कसं कळलं, सांगा!"

वळणावर देऊळ आलं. गाडीतले निम्मे हात छातीशी गेले. बाईंचाही हात मांडीवरून उठला, अर्ध्यात थांबला. त्या खुदकन हसल्या आणि त्याच हाताने चष्मा सावरला.

"माझा नाय हा," म्हणाल्या, "आयचा हाय."