गयाकाकूंच्या हातून सांडलेलं पाणी

लहान मुलाशी बोलायचं असलं की गयाकाकू त्याच्यासमोर उकिडव्या बसत आणि आईकडे ढुंकूनही बघत नसत. भोकरदनला आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो तेव्हा माझा आरव दोन वर्षांचा होता. जावेच्या मुलानं त्या वयात लंगोट कधीच सोडला होता, म्हणून मी आरवला सारखी पॉटीवर बसवून ‘शूऽऽ’ करत असे. तो रडायचा आणि मग शी कोंडून धरायचा. पोट फुगायचं, ताप यायचा. माझा जीव टांगणीला लागला होता.

काकूंनी एक दिवस ती पॉटी उचलली आणि माळ्यावर टाकली. “जल्दी कोनाला हाय? त्याला का तुह्या जावंला?”

“मग बसवायचं कधी?”

“दुपारी कोरडा उठू दे. ओलं झालं की सोताहून चड्डी ओढू दे. आन् कोपऱ्यात लपायला लागला का समज, त्याला आधीच कळून राह्यलंय. तवर गप ऱ्हाय.”

मी गप्प राहिलेही असते, पण हसनाबादहून सासूबाई मुक्कामाला आल्या. आल्या आल्या विचारलं, “पोराला सवय लागली का?” मी अडखळले. काकूंनीच ठोकून दिलं, “बिलकुल लागली.” आता हे उघडं पडलं की आरवची रवानगी पुन्हा पॉटीवर होणार, हे मला दिसत होतं.

मग काकूंनी आमच्याच घरात ठाण मांडलं. हातात भरलेला तांब्या. आरवच्या पायाशी तळं साचलं की तांब्या त्यावर कलंडलाच. “हात थरथरून राह्यला बाई,” म्हणत त्या स्वतःच फरशी पुसत. एकदा तर गादी भिजली. गादीवर पाणी कशाला नेलं, असं सासूबाईंनी विचारलं, तर काकू म्हणाल्या, “ठसका लागल्ता.” हसू दाबायला मला स्वयंपाकघरात पळावं लागे.

उन्हाळ्यात आरव कूलरमागे लपायला लागला, दुपारी कोरडा उठायला लागला. एकदा त्यानंच काकूंचा पदर ओढला, “शी.” काकूंनी पॉटी उतरवायला मला माळ्यावर चढवलं. त्या दिवसापासून तो रडला नाही.

गेल्या वर्षी काकू गेल्या. भेटायला आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “हात लई घट्ट व्हते तिचे. कधी थेंब सांडला नसंल.”

मी चमकून पाहिलं. “तुम्हाला माहीत होतं?”

“चार लेकरं वाढवली मी. मला वास कळत न्हाई का?”

“मग बोलला का नाहीत?”

त्यांनी पदरानं डोळे पुसले. “माह्या वक्ताला तांब्या कलंडवनारं कोनी नव्हतं, बाई.”